घराण्यातली साखर आणि डीएनएचे वाचन
अनुवंशिक मधुमेहाचे नेमके निदान कसे होते, कोणासाठी होते आणि त्यातून काय साधते

आजी मधुमेही, वडील मधुमेही आणि आता विशीतला मुलगाही मधुमेही. ‘आमच्या घराण्यातच साखर आहे’ हे वाक्य बुलडाणा जिल्ह्यात शेगाव-खामगावपासून लोणार-सिंदखेडराजापर्यंत कोणत्याही दवाखान्याच्या ओसरीवर कानी पडते. बहुतेकांच्या बाबतीत या वाक्याचा अर्थ इतकाच असतो की मधुमेहाकडे झुकणारी प्रकृती, खाणेपिणे आणि राहणीमान एकाच घरात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. परंतु थोड्या घराण्यांत हे वाक्य अक्षरशः खरे असते. तिथे एकाच जनुकातील एकच चूक आजीकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलाकडे उतरलेली असते. ही चूक शोधून काढली तर काही रुग्णांचे इन्सुलिन थांबून साध्या, स्वस्त गोळ्यांवर भागते आणि काहींना तर कोणत्याच औषधाची गरज उरत नाही. ती शोधण्याचे साधन म्हणजे डीएनएचे अक्षरवाचन, अर्थात सिक्वेन्सिंग.

अनेक जनुके की एकच जनुक?

मधुमेहाचे दोन प्रकार सर्वांना ठाऊक आहेत. पहिल्या प्रकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवरच हल्ला चढवते. हा प्रकार बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी उद्भवतो आणि त्यात इन्सुलिन जन्मभर घ्यावे लागते. दुसऱ्या प्रकारात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि हळूहळू इन्सुलिनची निर्मितीही तोकडी पडते. भारतातील बहुसंख्य मधुमेही या दुसऱ्या प्रकारातील आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे.

या दोन्ही प्रकारांत अनुवंशाचा वाटा असतोच, पण तो अनेक जनुकांत विखुरलेला असतो. प्रत्येक जनुकातील बदल धोका थोडाथोडा वाढवतो आणि एकटा कोणताही बदल आजार घडवत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटाने २००७ मध्ये टीसीएफ-७एल-२ या जनुकातील बदलांचा भारतीयांमधील मधुमेहाशी संबंध दाखवला, तो याच जातीचा. असा बदल असलेल्या अनेकांना आयुष्यभर मधुमेह होत नाही आणि नसलेल्या अनेकांना होतो.

एकजनुकीय मधुमेहाची गोष्ट वेगळी आहे. तिथे एका जनुकातील एक चूकच आजारास पुरेशी ठरते. युरोपातील पाहण्यांनुसार एकूण मधुमेहींत अशा रुग्णांचे प्रमाण एक ते दोन टक्क्यांच्या आसपास आहे. टक्केवारी लहान असली तरी मधुमेहींच्या एकूण संख्येकडे पाहता प्रत्यक्ष माणसे थोडी नाहीत. त्यातील बहुतेकांवर पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकाराचा शिक्का बसलेला असतो. ब्रिटनसारख्या तपासणीची सोय असलेल्या देशातही अशा ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांचे खरे निदान झालेले नव्हते, असे २०१० मधील एका अभ्यासात दिसून आले.

‘मोडी’ म्हणजे काय?

या गटातील सर्वाधिक आढळणारा प्रकार ‘मोडी’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. प्रौढांसारखा सौम्य मधुमेह, पण तरुण वयात जडणारा, असा त्या नावाचा आशय आहे. अमेरिकेतील स्टीफन फायन्स आणि ब्रिटनमधील रॉबर्ट टॅटरसॉल यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत अशा घराण्यांचे वर्णन केले. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून सदोष जनुक आले तरी आजार होतो, म्हणून बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नसतो.

जनुके सापडली ती १९९२ नंतर. त्या वर्षी सातव्या गुणसूत्रावरील ग्लुकोकायनेज (जीसीके) जनुकातील दोष उघड झाला. १९९६ मध्ये बाराव्या गुणसूत्रावरील एचएनएफ-१ए आणि विसाव्या गुणसूत्रावरील एचएनएफ-४ए यांतील, तर १९९७ मध्ये सतराव्या गुणसूत्रावरील एचएनएफ-१बी यातील दोष समोर आले. प्रत्येक जनुकाचा आजार निराळ्या वळणाने जातो आणि निदानाचे महत्त्व त्यातच आहे.

ग्लुकोकायनेज हे बीटा पेशीतील साखरेचे मापक आहे. त्यात दोष असला की साखर नेहमीपेक्षा थोड्या वरच्या पातळीवर राखली जाते. उपाशीपोटी साखर साधारणपणे १०० ते १४५ मिलिग्रॅमच्या दरम्यान, जन्मापासून, जवळजवळ स्थिर असते. मधुमेहामुळे डोळे, मूत्रपिंड किंवा नसांवर होणारे गंभीर परिणाम या रुग्णांत सहसा दिसत नाहीत आणि गर्भारपण वगळता औषधाची आवश्यकताही भासत नाही. असा रुग्ण वर्षानुवर्षे गोळ्या घेत राहतो, गोळ्यांनी साखर हलत नाही, म्हणून गोळ्या वाढवल्या जातात. निदान झाले तर हे सारे थांबते.

एचएनएफ-१एचा दोष इतका निरुपद्रवी नाही. साखर वयाबरोबर वाढत जाते आणि दुर्लक्ष झाल्यास मधुमेहाचे सर्व उपद्रव उद्भवतात. मात्र हे रुग्ण सल्फोनिलयुरिया गटातील जुन्या, स्वस्त गोळ्यांना विलक्षण चांगली दाद देतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत या गोळ्यांचा परिणाम अशा रुग्णांत मेटफॉर्मिनपेक्षा पाचपटीहून अधिक आढळला. पहिल्या प्रकाराचा मधुमेह समजून वर्षानुवर्षे इन्सुलिन टोचून घेणारी व्यक्ती या गोळीवर येऊ शकते. सुरुवात मात्र अगदी लहान मात्रेने करावी लागते, अन्यथा साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो.

एचएनएफ-४एच्या घराण्यांत बाळे जन्मतः वजनदार असतात आणि जन्मानंतर त्यांची साखर घसरू शकते. एचएनएफ-१बीमध्ये मधुमेहाबरोबर मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी दिसतात. ही बाब बुलडाणा जिल्ह्याच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांची चर्चा पाण्याभोवती फिरते. ती चिंता रास्तच आहे. तथापि तरुण मधुमेहीच्या सोनोग्राफीत मूत्रपिंडातील गाठी दिसल्या आणि घरात इतर कोणाला तोच त्रास असेल, तर पाण्यासोबत जनुकाचाही विचार व्हायला हवा.

तान्ह्या बाळाचा मधुमेह

डीएनए निदानाचे सर्वांत ठळक यश तान्ह्या बाळांच्या बाबतीत आहे. वयाच्या पहिल्या सहा महिन्यांत उद्भवणारा मधुमेह हा जवळजवळ नेहमीच एकजनुकीय असतो. साधारण एक लाख जन्मांमागे एखाद्या बाळात तो आढळतो. बाळ वारंवार लघवी करते, वजन घेत नाही, निपचित पडते. ताप किंवा जंतुसंसर्ग समजून उपचार होतात आणि साखर तपासण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. आजारी तान्ह्या बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब घेऊन ग्लुकोमीटरवर पाहणे हे प्राथमिक आरोग्य केंद्रातही शक्य आहे.

अशा बाळांपैकी अनेकांमध्ये अकराव्या गुणसूत्रावरील केसीएनजे-११ किंवा एबीसीसी-८ या जनुकांत दोष असतो. ही दोन जनुके मिळून बीटा पेशीच्या आवरणावरील पोटॅशियमचे द्वार घडवतात. रक्तातील साखर वाढली की हे द्वार बंद होते आणि पेशीतून इन्सुलिन बाहेर पडते. सदोष द्वार बंदच होत नाही. त्यामुळे पेशीत इन्सुलिन तयार असूनही ते आतच अडकून राहते. सल्फोनिलयुरियाची गोळी नेमके हेच द्वार दुसऱ्या वाटेने बंद करते. केसीएनजे-११ मधील दोष २००४ मध्ये इंग्लंडमधील एक्सेटर येथील डॉ. अँड्र्यू हॅटर्सली यांच्या गटाने दाखवून दिला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचे इन्सुलिन थांबवता आले. पुढे २०१८ मध्ये दीर्घकालीन पाठपुराव्याचे निष्कर्ष आले, तेव्हा सुमारे दहा वर्षांनंतरही ८१ पैकी ७५ जण केवळ गोळ्यांवर होते.

दुसऱ्या बाजूला, काही बाळांचा दोष असा असतो की इन्सुलिनला पर्याय नसतो. वॉलकॉट-रॅलिसन हा त्यातील एक गंभीर विकार असून त्यात हाडे आणि यकृतही बाधित होतात. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच तो होतो, म्हणून नात्यातील विवाहांत त्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक समाजांत आहे. अशा घरात बाळाला मधुमेह झाल्यास पुढील प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते. ही माहिती आईवडिलांना दुसऱ्या मुलाचा विचार करण्याआधी मिळणे आवश्यक आहे.

आईकडूनच उतरणारा मधुमेह

पेशीतील ऊर्जाकेंद्रांना, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांना, स्वतःचा छोटा डीएनए असतो आणि तो केवळ आईकडून येतो. त्यातील ३२४३ क्रमांकाच्या जागी एक अक्षर बदलले की मधुमेहाबरोबर बहिरेपणाही येतो, हे १९९२ मध्ये स्पष्ट झाले. आई, मामा आणि मावशी यांना मधुमेह व ऐकू कमी येण्याचा त्रास असेल, पण मामाची मुले त्यापासून मुक्त असतील, तर ही शंका घ्यावी. अशा रुग्णांत मेटफॉर्मिन हे एरवी सर्रास दिले जाणारे औषध शक्यतो टाळले जाते.

अक्षरे वाचतात कशी?

माणसाच्या डीएनएमध्ये ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहिलेला सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर आणि सुमारे २० हजार जनुके आहेत. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये हा मजकूर वाचण्याची पद्धत शोधली आणि त्याबद्दल १९८० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. या पद्धतीत एका वेळी जनुकाचा एकच छोटा तुकडा वाचता येतो. २००५ च्या सुमारास आलेल्या नव्या यंत्रांनी लक्षावधी तुकडे एकाच वेळी वाचणे शक्य केले. त्यामुळे मधुमेहाशी संबंधित सर्व ज्ञात जनुके आता एकाच तपासणीत पाहता येतात.

रुग्णाला द्यावे लागते ते एवढेच : काही मिलिलिटर रक्त, तेही उपाशी न राहता. रक्तातील पांढऱ्या पेशींतून डीएनए वेगळा केला जातो. त्याचे तुकडे करून हव्या त्या जनुकांचे तुकडे निवडले जातात. यंत्र प्रत्येक जागा अनेकदा वाचते आणि संगणक तो मजकूर प्रमाण मजकुराशी ताडून पाहतो. नमुना खराब न होता काही दिवस प्रवास करू शकतो, म्हणून बुलडाण्यातून चेन्नई, बंगळूर किंवा मुंबईच्या प्रयोगशाळेत केवळ रक्त पाठवले तरी चालते. अहवालास साधारणतः काही आठवडे लागतात.

चूक किती बारीक असू शकते याचे उदाहरण एचएनएफ-१ए जनुकातच आहे. त्यात एका ठिकाणी सी हे अक्षर सलग आठ वेळा येते. पेशी नक्कल करताना कधी तेथे नववा सी घुसतो. डीएनएचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचला जात असल्याने तिथून पुढची सर्व शब्दजुळणी बिघडते आणि प्रथिन अर्धवट राहते. जगभरातील मोडी घराण्यांत सर्वाधिक वेळा आढळलेल्या दोषांपैकी हा एक आहे.

अक्षरवाचनात सर्व काही सापडते असे मात्र नाही. एचएनएफ-१बीच्या जवळपास निम्म्या रुग्णांत अक्षर बदललेले नसते, तर संपूर्ण जनुकच गहाळ असते. दुसरी प्रत शाबूत असल्याने वरवरच्या वाचनात सारे ठीक दिसते. त्यासाठी प्रतींची संख्या मोजणारी जोडतपासणी करावी लागते.

अहवालातील ‘अनिश्चित’

प्रत्येक माणसाच्या डीएनएत लाखो बदल असतात आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. म्हणून सापडलेल्या बदलाचे वजन ठरवण्यासाठी २०१५ पासून पाच पायऱ्यांचे वर्गीकरण जगभर वापरले जाते : रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. यांतील मधल्या पायरीवर भारतीय रुग्णांचे अहवाल सहज अडकतात. तुलनेसाठी वापरले जाणारे जागतिक साठे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. एखादा बदल तिथे दुर्मीळ असला तरी आपल्याकडे एखाद्या समाजात तो सर्रास आणि निरुपद्रवी असू शकतो. ही उणीव भरून काढण्याच्या दृष्टीने ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाचे महत्त्व आहे. देशातील विविध समाजगटांतील १० हजार व्यक्तींच्या संपूर्ण डीएनएची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली करण्यात आली.

‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असलेल्या अहवालाच्या आधारे कोणतेही औषध बदलू नये. घरातील मधुमेही आणि निरोगी अशा दोन्ही सदस्यांची त्याच जागेची तपासणी केल्यास बदल आजाराबरोबर चालतो की नाही हे कळते आणि अनिश्चिततेचा उलगडा होऊ शकतो.

भारतातील अनुभव

देशात या विषयावरील सर्वाधिक काम चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमध्ये डॉ. व्ही. मोहन आणि डॉ. राधा वेंकटेशन यांच्या गटाने केले आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोडीची शंका असलेल्या १५२ दक्षिण भारतीय रुग्णांचे डीएनए वाचण्यात आले. त्यात एचएनएफ-१एचे दोष सर्वाधिक आढळले आणि एनकेएक्स-६-१ या नव्या जनुकाकडेही लक्ष वेधले गेले. मात्र बहुसंख्य रुग्णांत ज्ञात मोडी जनुकांतील दोष सापडला नाही.

याचे कारण भारतीय प्रकृतीत दडलेले आहे. वय पंचविशीच्या आत, अंगकाठी सडपातळ आणि सलग दोन-तीन पिढ्यांत मधुमेह, ही मोडी ओळखण्याची लक्षणे पाश्चात्त्य रुग्णांवरून ठरली. आपल्याकडे साधा दुसऱ्या प्रकारचा मधुमेहच लवकर, बारीक दिसणाऱ्या माणसांना आणि घरोघरी होतो. वजन कमी असूनही शरीरात चरबीचे प्रमाण अधिक असते, हे डॉ. याज्ञिक यांनी पुण्यातील अभ्यासांतून मांडले. त्यात कुपोषणाशी निगडित मधुमेहाची भर पडते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये त्याला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. त्यामुळे ग्रामीण भागातील सडपातळ तरुण मधुमेही दिसला की त्याला सरसकट पहिल्या प्रकारचा ठरवणे जसे चूक, तसेच सरसकट जनुकाला दोष देणेही चूक आहे.

प्रकार ओळखण्यासाठी जनुकांचा आणखी एक उपयोग पुण्यातून पुढे आला. पहिल्या प्रकाराच्या मधुमेहाचा धोका वाढवणाऱ्या अनेक जनुकीय बदलांची बेरीज करून ‘जोखीमगुण’ काढतात. तो भारतीयांतही पहिला आणि दुसरा प्रकार वेगळा ओळखण्यास उपयोगी पडतो, हे पुणे, हैदराबाद आणि एक्सेटर येथील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले.

तपासणीपूर्वीच्या दोन पायऱ्या

डीएनए तपासणीचा खर्च काही हजार रुपयांच्या घरात जातो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजना मुख्यतः दाखल रुग्णांच्या उपचारांभोवती आखलेल्या असल्याने हा भार सहसा कुटुंबावरच पडतो. म्हणून कोणाची तपासणी करायची हे आधी दोन स्वस्त चाचण्यांनी ठरवावे. पहिली प्रतिपिंडांची. जीएडीसारखी प्रतिपिंडे आढळली तर मधुमेह पहिल्या प्रकारचा असण्याची शक्यता मोठी असते आणि जनुक तपासण्याचे सहसा कारण उरत नाही. दुसरी सी-पेप्टाइडची. शरीर स्वतःचे इन्सुलिन अजून किती तयार करते हे तिच्यातून कळते. निदानानंतर तीन-पाच वर्षे उलटूनही सी-पेप्टाइड चांगले असेल आणि प्रतिपिंडे नसतील, तर डीएनए वाचनाला अर्थ आहे.

सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी वस्त्यांत आणखी एक दक्षता हवी. विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने सिकलसेलच्या रुग्णांत तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए-१सी चाचणी दिशाभूल करू शकते. तिथे प्रत्यक्ष साखरेवरच विसंबणे योग्य.

जाळ्यातून निसटणारे वय

२०११ च्या जनगणनेनुसार बुलडाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८६ हजार असून जिल्ह्यात १३ तालुके आहेत. जिल्ह्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये मिळाले. त्यापूर्वी तज्ज्ञांच्या सल्ल्यासाठी अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरची वाट धरावी लागे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मधुमेहाची चाचणी वयाच्या तिशीपासून होते. मोडी मात्र बहुधा पंचविशीच्या आत उद्भवतो, म्हणजे हे रुग्ण या जाळ्यातून निसटतात. त्यांना पकडणारी एक जागा आहे, ती म्हणजे गर्भवतींची साखर तपासणी. बाळंतपणानंतरही उपाशीपोटीची साखर किंचित वरच राहिलेली सडपातळ तरुणी आढळली, तर ग्लुकोकायनेजची शंका घेता येते. गर्भारपणात तिचे निदान विशेष महत्त्वाचे ठरते. बाळात तोच दोष उतरला असेल तर आईची साखर जबरदस्तीने खाली आणल्याने बाळाची वाढ खुंटू शकते. तो उतरला नसेल तर बाळ अवाजवी वाढते. म्हणून सोनोग्राफीतील बाळाच्या वाढीवर नजर ठेवून इन्सुलिनचा निर्णय घेतला जातो.

कागदावरचा वंशवृक्ष

निदानाचे पहिले साधन यंत्र नसून कागद-पेन्सिल आहे. आजी-आजोबांपासून चुलत-मावस भावंडांपर्यंत मधुमेह कोणाला, कोणत्या वयात, इन्सुलिन की गोळ्या, बहिरेपणा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे का, बाळांची जन्मवजने किती, हे सारे एका पानावर मांडले की निम्मे काम होते. सिकलसेल तपासणीच्या निमित्ताने जिल्ह्यातील आरोग्यसेवकांना आनुवंशिक समुपदेशनाची ओळख झालेलीच आहे. तोच अनुभव येथे कामी येऊ शकतो. निदानाची बातमी घरात कशी सांगायची, हाही त्या समुपदेशनाचा भाग आहे. लग्नाच्या मुलीच्या अहवालाची चर्चा गावभर होऊ नये, ही भीती अनाठायी नाही. त्यामुळे अहवाल गोपनीय ठेवणे आणि सदोष जनुक म्हणजे कोणाचा अपराध नव्हे हे समजावणे आवश्यक आहे.

एक इशारा सर्वांत महत्त्वाचा. हे सर्व वाचून कोणीही स्वतःहून इन्सुलिन बंद करू नये. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात असे केल्यास काही दिवसांत, कधी काही तासांतही, जीव धोक्यात येतो. इन्सुलिन कमी करण्याचा निर्णय निश्चित अहवाल हाती आल्यानंतर, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि साखर वारंवार तपासत घेतला जातो.

तपासणीचा विचार कोणी करावा?

* ज्यांना वयाच्या पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह झाला असे सर्व. ते आता मोठे झाले असले आणि वर्षानुवर्षे इन्सुलिनवर असले तरीही.
* पंचविशीच्या आत मधुमेह झालेले, आई किंवा वडील मधुमेही असलेले, प्रतिपिंडे नसलेले आणि सी-पेप्टाइड टिकून असलेले रुग्ण.
* उपाशीपोटीची साखर वर्षानुवर्षे किंचित वाढलेली, पण स्थिर असलेल्या तरुण व्यक्ती. विशेषतः गर्भारपणात हे लक्षात आलेल्या स्त्रिया.
* मधुमेहासोबत बहिरेपणा, दृष्टी मंदावणे किंवा मूत्रपिंडातील गाठी असलेले रुग्ण.
* ज्यांच्या घरात एका व्यक्तीत रोगकारक दोष निश्चित झाला आहे असे रक्ताचे नातेवाईक. त्यांच्यासाठी संपूर्ण वाचन लागत नाही. तीच एक जागा तपासली तरी पुरते आणि खर्चही कमी येतो.